मत्स्यविनोद : नर्मदाखोऱ्यातील कोठी, कहार आणि महाशीर

जून महिन्याची सोळावी तारीख मासे धरणाऱ्यांच्या जगात दोन देशांत दोन अगदी उलट अर्थांनी ओळखली जाते. इंग्लंडमध्ये १८७८ साली गोड्या पाण्यातील माशांच्या रक्षणासाठी जो कायदा झाला, त्याने मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत बंदीचा काळ ठरविला. तेव्हापासून १६ जून हा तेथील नदीकाठच्या हौशी मंडळींचा जणू दसराच होऊन बसला. त्या दिवशी गळ पुन्हा पाण्यात पडतो, काठावरच्या खोल्यांची कुलुपे निघतात. मध्यप्रदेशात मात्र १९७२ च्या नदीय नियमांप्रमाणे १६ जूनलाच मासेमारी बंद होते आणि ती १५ ऑगस्टपर्यंत बंद राहते. एकाच तारखेस तिकडे दार उघडते आणि इकडे लागते. हा केवळ योगायोग आहे हे खरेच. परंतु त्यामागचे कारण योगायोगाचे नाही. तिकडील बहुतेक नदीमासे वसंतात पाणी कोवळे उबदार झाले म्हणजे अंडी घालतात. आपल्याकडील मासे मेघांची वाट पाहतात. तेव्हा आपल्याकडे मासेमारीचा खरा मोसम म्हणजे होळीपासून मृगापर्यंतचा उन्हाळा. या उन्हाळी मोसमाचा, तो साजरा करण्यासाठी रानावनात उघडल्या जाणाऱ्या कोठ्यांचा आणि त्या कोठ्यांच्या ओसरीखाली उभ्या राहिलेल्या माणसांचा इतिहास भोपाळ आणि नर्मदा यांच्या परिसरात कसा घडला, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

भोपाळचा विषय पाण्यापासून सुरू करावा लागतो. अकराव्या शतकात परमार भोजाने कोलांस नदीला बांध घालून जे तळे निर्माण केले तेच आजचे मोठे तळे, अशी परंपरा आहे. त्याच्याखालचे छोटे तळे १७९४ साली नवाब हयात महंमद खानांच्या कारकिर्दीत त्यांचा मंत्री छोटे खान याने बांधविले. ही दोन्ही तळी मिळून बनणारे भोज पाणथळ क्षेत्र २००२ साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे ठरले. परंतु भोजाची जलरचना एवढ्यावरच संपत नव्हती. भोपाळच्या आग्नेयेस भोजपूरजवळ त्याने वेत्रवतीचे पाणी अडवून एक अतिविशाल सरोवर केले होते. माळव्याचा सुलतान होशंगशाह याने पंधराव्या शतकात त्याचा बांध फोडला. बांध कापण्यास सैन्याला तीन महिने लागले, पाणी ओसरण्यास तीन वर्षे लागली आणि तळ वस्तीयोग्य होण्यास तीस वर्षे लागली, अशी गोंडांत प्रचलित असलेली आख्यायिका किंकेड या इंग्रज अधिकाऱ्याने १८८८ साली 'इंडियन अँटिक्वरी'मध्ये नोंदवून ठेविली आहे. आकडे आख्यायिकेचे आहेत. त्यांतील तीनांची चढती माळच ते सांगते. परंतु पाणी गेल्यावर माणसाला जमीन मिळाली तरी काही गमावल्याची जाणीवही उरली, एवढे तीतून निश्चित ध्वनित होते. ज्या होशंगशाहाने हे सरोवर रिते केले त्याच्याच नावाने नर्मदाकाठचे होशंगाबाद ओळखले गेले (२०२२ पासून त्याचे नाव नर्मदापुरम आहे), आणि पुढे हेच गाव नर्मदेच्या माशांच्या व्यापाराचे व अभ्यासाचे ठाणे झाले, हा इतिहासाचा एक विलक्षण हिशेब म्हणावा लागेल.

आम्हां मराठी भाषिकांचा या प्रदेशाशी परिचय प्रथम तलवारीने झाला. १७३७ च्या अखेरीस थोरल्या बाजीरावाने निजामाला याच भोपाळात कोंडले आणि ७ जानेवारी १७३८ रोजी दुराई सराई येथे तह झाला. पुढे होशंगाबाद हे नागपूरकर भोसले आणि भोपाळकर यांच्यात पुनःपुन्हा हातपालट होत राहिले. १९५६ साली भोपाळ नव्या मध्यप्रदेशाची राजधानी झाल्यावर नागपूर, इंदूर, ग्वाल्हेर येथून अनेक मराठी कुटुंबे येथे आली. त्यांनी पाहिली ती नर्मदा घाटांची, परिक्रमेची, पर्वकाळच्या स्नानाची. मराठी साहित्यातही तिचे हेच रूप प्रामुख्याने उमटले. नर्मदेच्या डोहात काय राहते, ते कोण धरतो आणि कधी धरतो, हा प्रश्न आमच्या सुशिक्षित वर्गाने सहसा विचारलाच नाही.

वास्तविक या प्रश्नाची परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराचा 'मानसोल्लास' अथवा 'अभिलषितार्थचिंतामणी' हा बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील संस्कृत ग्रंथ मराठीच्या अध्यापकांना चांगलाच परिचित आहे. शके १०५१ च्या या ग्रंथात मराठीचे प्राचीन नमुने आढळतात म्हणून तो आपण विद्यार्थ्यांना सांगतो. परंतु त्याच ग्रंथात राजाच्या अनेक विनोदांमध्ये 'मत्स्यविनोद' नावाचे एक प्रकरण आहे, हे आपण क्वचितच सांगतो. त्यांत समुद्रातील आणि नद्यांतील माशांच्या जाती सांगितल्या आहेत, कोणत्या माशाला कोणते खाद्य रुचते ते दिले आहे, आणि गळ, दोरी व काठी यांचा विचार केला आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षणाचे संचालक सुंदरलाल होरा यांनी १९५१ च्या सुमारास या प्रकरणाचा शास्त्रीय दृष्टीने अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा जगातील मत्स्यविद्येच्या अभ्यासकांना आश्चर्य वाटले. पाश्चात्त्यांकडून आपण गळाचा छंद घेतला अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी हे प्रकरण अवश्य पाहावे.

आता मूळ नायकाकडे वळू. महाशीर या नावाची व्युत्पत्ती निरनिराळ्या प्रकारे सांगितली जाते. कोणी 'महाशीर' म्हणजे मोठ्या मस्तकाचा असे म्हणतात, कोणी मोठ्या खवल्यांवरून 'महाशल्क' सुचवितात, तर कोणी फारसी 'माही' आणि 'शेर' यांचा समास मानतात. नर्मदाकाठचे मच्छीमार मात्र त्याला 'बाडस' म्हणतात आणि व्युत्पत्तीच्या भांडणात पडत नाहीत. शास्त्रात त्याचे नाव टॉर टॉर. फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातील माशांवर जो ग्रंथ लिहिला त्यांत त्याचे प्रथम वर्णन आले. त्याचा दख्खनी भाऊबंद टॉर खुद्री. हे नाव कर्नल साइक्स याने पुण्याच्या मुळा-मुठेतील माशावरून १८३९ मध्ये दिले, आणि ते मराठी लोकनामावरूनच घेतले.

येथे क्षणभर थांबणे अप्रस्तुत होणार नाही. साइक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी. दख्खनमधील मासे गोळा करताना त्याने नदीकाठच्या माणसांना त्यांची नावे विचारली आणि ती लॅटिन नामावलीत जशी ऐकली तशी बसविली. खुद्री, मुसुल्ला, नुक्ता, पोटील, बोगट, कावरस ही नावे आज जगभरच्या प्राणिशास्त्रीय ग्रंथांत आहेत. 'नुक्ता' म्हणजे आपला नकटा हे सांगण्यास कोशाची गरज नाही. त्या माशाच्या तोंडावरची खाच पाहिली की नाव पटते. ज्या कोळ्या-भोयांनी ही नावे सांगितली त्यांचे स्वतःचे नाव मात्र त्या ग्रंथात राहिले नाही. माशाचे नाव टिकले, मासा दाखविणाऱ्याचे गेले. पुढील सर्व इतिहासाला हाच न्याय लागू पडतो.

१८६२ च्या आरंभी जेम्स फोरसाइथ नावाचा तरुण लष्करी अधिकारी सातपुड्यातील पचमढीच्या पठारावर चढला. नव्याने निर्माण झालेल्या मध्यप्रांताचे प्रमुख रिचर्ड टेंपल यांना या रानांची पाहणी करावयाची होती. त्यासाठी पठारावर एक कायमचा वननिवास बांधण्याची कामगिरी फोरसाइथकडे आली. हा निवास म्हणजेच 'बायसन लॉज'. बायसन म्हणजे आपला गवा. ही इमारत अद्याप उभी असून तिच्यात वनखात्याचे संग्रहालय आहे. पठाराखालच्या बोरीचे रान १८६५ मध्ये राखीव झाले. फोरसाइथचा 'हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हा ग्रंथ १८७१ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी वयाच्या अवघ्या तेहेतिसाव्या वर्षी तो मरण पावला. हळूहळू पचमढी मध्यप्रांताची उन्हाळी राजधानी झाली. नागपूर तापू लागले की सरकार फायली बांधून डोंगर चढे. मुंबई-जबलपूर लोहमार्ग १८७० मध्ये पुरा झाल्यामुळे पिपरिया स्थानकापर्यंत गाडीने येता येऊ लागले. अशा रीतीने शासनाचा उन्हाळा आणि शिकारीचा उन्हाळा एकच झाला.

परंतु इंग्रज गळवाल्याला येथे आल्यावर आपले पंचांग उलटे करावे लागले. घरी असताना ज्या महिन्यांत त्याला नदीची बंदी होती, नेमके तेच महिने येथे उत्तम ठरत होते. हे त्याला शिकविले हेन्री सलिव्हन टॉमस याने. मद्रास इलाख्यातील हा मुलकी अधिकारी, 'द रॉड इन इंडिया' (१८७३) या ग्रंथाचा कर्ता. महाशीर पहिल्या पुराबरोबर उपनद्यांत वर चढतो, वाळूगोट्यांच्या स्वच्छ उथळ पाण्यात अंडी घालतो, पूर ओसरला की खाली येतो आणि उन्हाळ्यात खोल डोहात गोळा होतो. ही जीवनकथा समजली की गळ केव्हा टाकावा हे आपोआप समजते. पावसाळ्याचा गढूळपणा गेल्यानंतरचे काही आठवडे आणि पुढे फाल्गुनापासून पाऊस पडेपर्यंतचा काळ, हे ते दोन मोसम. त्यांतील दुसऱ्यासाठीच दूरदूरच्या नदीकाठच्या बंगल्यांची दारे उघडली जात.

'दार उघडणे' हा शब्दप्रयोग लिहिण्यास सोपा. काम तसे नव्हते. कोठी वर्षाचे आठ-नऊ महिने बंद असे. चौकीदार तिच्या मागच्या खोलीत राहून किल्ल्या व नोंदवही सांभाळी. साहेब अथवा सरदार यावयाच्या आधी एक तुकडी पुढे जाई. कौले फिरवावयाची, वटवाघळे व वाळवी हुसकावयाची, भिंतींना चुना द्यावयाचा, विहीर उपसावयाची, वाळ्याच्या टट्ट्या दारांना बांधून त्यांवर सतत पाणी मारण्यासाठी माणूस नेमावयाचा, पंख्याची दोरी बदलावयाची. उन्हाने तडकलेली होडी पाण्यात बुडवून फुगवावयाची व तिच्या भेगा बुजवावयाच्या. खानसामा शिधा घेऊन बैलगाडीने येई. आणि हे सर्व होत असताना एक माणूस नदीकाठी बसून कोणत्या डोहात पाणी किती आहे, बाडस कोणत्या खडकाआड आहे, पहाटे वर येतो की सायंकाळी, हे पाहत असे. कोठी झाडून तयार करणे कोणालाही जमले असते. परंतु या शेवटच्या माणसावाचून मोसम उघडत नव्हता.

हा माणूस बहुधा कहार, ढीमर, भोई किंवा केवट असे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतातील जातीजमातींच्या ग्रंथात या समाजाच्या व्यवसायांचे जे वर्णन आहे ते वाचताना एकाच माणसाची किती रूपे असू शकतात याचे नवल वाटते. तो मासे धरतो, पालखी वाहतो, घरोघरी पाणी भरतो, तळ्यात शिंगाडा लावतो आणि उन्हाळ्यात नदीचे पात्र उघडे पडले की वाळूत खरबुजे-कलिंगडांच्या वाड्या करतो. म्हणजे ज्या उन्हाळ्यात कोठी उघडे त्याच उन्हाळ्यात नदीच्या वाळूवर त्याची झोपडीही उभी राही. गवताची, चार बांबूंची, एका पावसापुरतीही न टिकणारी. तिच्यापुढे जाळे वाळत घातलेले, शेजारी मडक्यात पाणी, मागे वेलांच्या रांगा. मोसमी निवास म्हणून पाहिले तर ही झोपडी आणि तो बंगला यांत तत्त्वतः काहीच भेद नव्हता. दोन्ही होळीनंतर उघडत आणि दोन्ही पहिल्या पुराआधी रिकामी होत. भेद इतकाच की बंगल्याची नोंदवही होती, झोपडीची नव्हती; आणि इतिहासकार नोंदवहीवर जगतो.

भोपाळ संस्थानातही शिकारी कोठ्यांची परंपरा होती. आजच्या रायसेन जिल्ह्यातील चिकलोदची कोठी ही नवाब हमीदुल्ला खान (राज्यकाल १९२६ ते १९४९) यांची विशेष आवडती. पोलोचे नामांकित खेळाडू, नरेंद्र मंडळाचे दोनदा अध्यक्ष झालेले हे नवाब रानात रमत. त्यांच्या ज्येष्ठ कन्या आबिदा सुलतान यांचे २००४ साली प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र वाचले म्हणजे शिकार हा त्या घराण्यात केवळ करमणुकीचा भाग नसून शिक्षणाचा, धैर्याच्या परीक्षेचा आणि राज्यकारभाराचाही भाग होता हे स्पष्ट होते. चिकलोदचे मुख्य आकर्षण मासळी नसून वाघ-सांबर होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु रान व पाणी यांवर एकाच सत्तेचा हक्क आणि त्या हक्काचे प्रदर्शन मोसमी कोठीच्या रूपाने, हे सूत्र दोन्हीकडे एकच. १ जून १९४९ रोजी भोपाळ भारतीय संघराज्याच्या प्रशासनाखाली आले आणि ते सूत्र कायद्याने तुटले. रान वनखात्याकडे गेले, पाणी मत्स्यखात्याकडे आणि पुढे पाटबंधारे खात्याकडे.

या हक्काचा निवाडा करताना एक गोष्ट नाकारता येत नाही. गळाचा शौक करणाऱ्या याच वर्गाने माशांच्या संहाराविरुद्ध पहिला आवाज उठविला. फ्रान्सिस डे याने १८७३ च्या अहवालात बारीक भोकांची जाळी, बांधांतील सापळे व लहान पिलांचा नाश यांविषयी देशभरची माहिती एकत्र केली. अखेर १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमाने पाण्यात सुरुंग उडविणे आणि विष कालविणे हे गुन्हे ठरविले. उन्हाळ्यात हे दोन अपराध सर्वांत सोपे असतात, कारण प्रवाह तुटलेला असतो, मासा डोहात अडकलेला असतो आणि एक सुरुंग डोहातील सारे पिढीजात कुटुंब पृष्ठावर आणतो. म्हणजे जो मोसम गळवाल्याला अनुकूल, तोच माशाला सर्वाधिक धोक्याचा. तथापि कायदा करणाऱ्यांच्या मनात सुरुंग व विष यांच्या जोडीला कहाराचे पारंपरिक जाळेही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले, हेही खरे. साहेबाचा गळ हा 'खेळ' आणि भोयाचा पाग हा 'नाश', ही विभागणी न्यायाची नव्हती. ज्याचे पोट त्या डोहावर होते तो डोह रिकामा व्हावा अशी इच्छा तो का करील?

स्वातंत्र्यानंतर पाण्याचे ज्ञान प्रथमच पद्धतशीरपणे गोळा झाले, आणि ते होशंगाबादेस. १९५८ ते १९६६ या काळात केंद्रीय संशोधन संस्थेच्या करमचंदाणी, देसाई, पिसोलकर आणि भटनागर या संशोधकांनी नर्मदेच्या मासळीचा अभ्यास केला व तो १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. नर्मदेवर मोठी धरणे होण्यापूर्वीची ही नोंद आहे, म्हणून तिचे मोल फार. त्या काळी होशंगाबादच्या बाजारात येणाऱ्या मासळीत महाशीराचा वाटा मोठा होता. देसाई यांच्या पुढील अभ्यासातून दिसले की हा मासा रोहू-कटल्याप्रमाणे एकाच पुरात सारी अंडी टाकून मोकळा होत नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतरही तो हप्त्याहप्त्याने अंडी घालतो. वाचकांच्या ध्यानी येईल की १६ जून ते १५ ऑगस्ट ही बंदी एका झडीत विणाऱ्या माशांना पुरी पडते, महाशीराला पडत नाही. त्याचा बाळंतकाळ संपण्यापूर्वीच कायद्याचे सोयर फिटते. आपण ज्याला राज्यमासा म्हणतो त्याचे जीवन आणि आपला नियम यांत असे अंतर राहिले आहे.

त्यानंतर धरणांचे युग आले. १९७८ मध्ये तवा, १९९० मध्ये बरगी, पुढे २००५ मध्ये इंदिरा सागर आणि २००७ मध्ये ओंकारेश्वर. या प्रकल्पांनी शेतांना पाणी व घरांना वीज दिली. ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु महाशीर हा वाहत्या पाण्याचा जीव. त्याचे उपनद्यांत चढण्याचे मार्ग अडले, गोट्यांचे उथळ तळ गाळाखाली गेले, आणि जेथे डोह व धार यांची एकाआड एक माळ होती तेथे एकसारखे स्तब्ध पाणी झाले. त्यात रोहू-कटला वाढतो, बाडस वाढत नाही. नदीतील त्याचे प्रमाण पूर्वीच्या मानाने अत्यल्प उरले आहे. उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या वाळूवरच्या वाड्याही जलाशयांच्या पट्ट्यात गेल्या. कोठी आणि झोपडी या दोहोंखालची जमीन एकाच पाण्याने घेतली.

तव्याचा एक अध्याय मात्र स्वतंत्रपणे सांगण्यासारखा आहे. त्या धरणात चव्वेचाळीस गावे गेली. विस्थापितांत बहुसंख्य गोंड व कोरकू. शेती आणि रान हेच त्यांचे जग. आपल्याच बुडालेल्या शेतांवर उभ्या राहिलेल्या पाण्यात मासे धरण्याचा हक्क त्यांना आरंभी नव्हता. तो ठेकेदारांकडे जाई. दीर्घ आंदोलनानंतर १९९६ साली त्यांच्या सहकारी संस्थांच्या 'तवा मत्स्य संघा'ला हा हक्क मिळाला. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरला त्यांनी नाव आणि जाळे हाती घेतले, बंद मोसम पाळला, तळ्यात बीज सोडले, आणि त्यांची मासळी बर्फात घालून हावड्यापर्यंत जाऊ लागली. दहा वर्षांनी, २००६ च्या अखेरीस, मुदत संपली. जलाशयाचा काही भाग सातपुडा व्याघ्रक्षेत्रात येत असल्यामुळे ती वाढवून मिळाली नाही. आज त्याच पाण्यावरून होडीने पलीकडे जाऊन पर्यटक मढईच्या वनविश्रामगृहात उतरतात. पाऊस संपला की ऑक्टोबरात व्याघ्रक्षेत्राचे दार उघडते आणि पुन्हा पावसाआधी लागते. वाघाचे रक्षण हवे याविषयी दुमत नाही. परंतु फोरसाइथच्या काळापासून आजवर कोठीचे दार ज्यांच्या श्रमाने उघडत आले, त्यांनाच पाण्याचे दार लागावे, ही गोष्ट दीडशे वर्षांत बदलली नाही हे मान्य करताना मन संकोचते.

निराशेने लेख संपविणे सोपे असले तरी ते सत्याला धरून होणार नाही. महाशीराच्या पुनरुज्जीवनाचा एक महत्त्वाचा प्रयत्न महाराष्ट्रात, लोणावळ्याच्या वळवण जलाशयावर टाटा वीज कंपनीच्या केंद्रात झाला. १९७० नंतरच्या दशकात चं. वि. कुळकर्णी आणि ओगले यांनी टॉर खुद्रीची अंडी हाताने काढून, फलित करून, पिले वाढविण्याची रीत बसविली. पुढे तेथील पिले अनेक राज्यांतील नद्या-तलावांत सोडली गेली. साइक्सला पुण्याच्या नदीकाठी ज्या माशाचे नाव कोणा अनामिकाने सांगितले, त्याच माशाचा वंश सव्वाशेहून अधिक वर्षांनी त्याच सह्याद्रीत वाढविला गेला. मध्यप्रदेशाने २०११ मध्ये महाशीराला राज्यमासा घोषित केले. बडवाह वनविभागात नर्मदेच्या उपनद्यांचे वाहते पाणी लक्षात घेऊन त्याच्या प्रजननाचे प्रयोगही झाले आहेत. अर्थात पिले सोडणे म्हणजे नदी परत देणे नव्हे. धार वाहती राहील, गोट्यांचा तळ उघडा राहील आणि बंदीचा काळ माशाच्या बाळंतपणाशी जुळेल, तरच सोडलेले पिलू बाडस होईल.

येथे कोकणाचे उदाहरण स्मरणात येते. नारळी पौर्णिमेस कोळी समुद्राला नारळ देतो आणि मग नाव लोटतो. त्या विधीचा अर्थ काय? समुद्र आपला नव्हे, तो अमुक दिवशी आपल्याला आत घेतो, त्याआधी नाही. एवढी नम्रता त्यात आहे. नर्मदेकाठीही परिक्रमावासी चातुर्मासात चालणे थांबवितो आणि एका जागी मुक्काम करतो. नदी वाढली असता तिच्या वाटेत येऊ नये, हा संकेत साधूने पाळला तसाच कहारानेही पाळला. मोसम उघडण्याचा अधिकार माणसाकडे नाही, तो पावसाकडे आहे, हे ज्ञान कोठीच्या नोंदवहीत नव्हते. ते वाळूवरच्या झोपडीत होते.

आपल्या अध्यापक वर्गाला म्हणूनच एक विनंती करावीशी वाटते. 'मानसोल्लास' शिकविताना त्यातील मत्स्यविनोदाचाही उल्लेख करावा. आणि होशंगाबाद, महेश्वर, बडवाह, हंडिया अशा नदीकाठच्या गावांत जे मराठी शिक्षक आहेत त्यांनी वृद्ध मच्छीमारांकडून डोहांची नावे, माशांची नावे, जाळ्यांची नावे लिहून घ्यावीत. हे काम संशोधन संस्थेचे नव्हे, भाषेच्या अभ्यासकाचे आहे. साइक्सने नावे घेतली आणि सांगणाऱ्याला विसरला. आपण नाव लिहिताना, त्याची संमती घेऊन, शेजारी सांगणाऱ्याचेही नाव लिहावे. डोह बुडाले तरी त्यांची नावे अजून काही ओठांवर आहेत. ती माणसे वृद्ध आहेत, आणि हा मोसम फार दिवस उघडा राहणार नाही.